मालक स्वतः पेपर वाचून गेले

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, गेले त्या सकाळी त्यांनी पेपर वाचला होता. स्वतःच्या डोळ्यांनी. मग टॅब बाजूला ठेवून "जरा पडतो गं" म्हणाले, ते पडलेच... लोक भेटायला येतात, हळहळतात. वाईट मलाही वाटतं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं जास्त वाटतं. ते अंथरुणाला खिळले नाहीत आणि पेपरसाठी शेवटी कुणाच्या तोंडाकडे बघत बसले नाहीत.

मालक मूळचे मंगळवेढ्याचे, नोकरीमुळे सोलापुरात आलेले. पेपर उघडला की आधी निधनाच्या बातम्या. ओळखीचं कुणी गेलं असलं तर मातीला जायचं, बाकीचं जग नंतर. नजर अधू झाली तसा पेपर मी वाचून दाखवायला लागले. माझं शिक्षण चौथी. जोडाक्षर आलं की मी अडायची, ते चिडायचे. "तू नावं गाळतीस." "मग तुमीच वाचा की." एवढं झालं की दिवसभर घुम्यासारखे बसायचे, धड जेवायचेही नाहीत.

शेवटी नातीनं टॅब आणला. "आबा, ह्यात पेपर येतोय, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतंय." मालकांनी तो उलटसुलट करून बघितला. "आन् ह्यात भाकरी कशी गुंडाळायची?" पण पहिली ओळ वाचता आली, तसा तो कुणाच्या हाती देईनात. एक दिवस म्हणाले, "शहरात रोज पाणी येतंय म्हणून छापलंय. आपल्याच नळाला काय धाड भरली?" आणि खाली जाऊन वॉचमनशी भांडून आले. वर पुन्हा खुशीत, "ह्या आठवड्यात आपल्यातलं कुणीच गेलं न्हाय बघ." दुसऱ्याच दिवशी मंगळवेढ्याहून फोन आला. त्यांचा जिवाभावाचा मित्र भीमराव गेला होता, माती कधीच उरकली होती. नातीनं बघितलं, तर टॅबवर पुण्याची आवृत्ती उघडलेली. 'शहर' दिसलं की मालक ते सोलापूरच धरत होते.

त्यांनी टॅब कपाटात टाकला. "मित्राच्या मातीला जाता येत न्हाय, असला पेपर मला नको." आता पुन्हा ती रोजची धुसफूस, पुन्हा ते न जेवणं... मला तेच नको होतं. मी नातीकडून सोलापूरची आवृत्ती लावून घेतली, भीमरावाची बातमी काढायला लावली आणि टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "मी वाचणार न्हाय. मित्र तुमचा हाय." मग बोट ओळीवरून फिरायला लागलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "वय चुकलंय. माझ्या बरोबरीचा होता तो." पुढं कधी त्यांनी मला वाचायला सांगितलं नाही.

त्यांची स्वतःची बातमी आली, तेव्हा टॅब मीच हातात घेतला. अक्षर त्यांनी एवढं मोठं करून ठेवलंय की एका वेळी चारच ओळी दिसतात. नात म्हणाली, "आजी, बारीक करून देऊ?" म्हटलं, राहू दे. सरकवत सरकवत पूर्ण वाचली, तोवर चहा गार झाला. तसाच प्याले आणि बोटानं पुढं सरकवलं. खाली दुधनीच्या बाजाराची बातमी होती. तीही वाचली.