पुरीहून परत आणलेली टोपी

बाबा समुद्र न पाहताच गेले. म्हणून पुरीच्या सहलीला आईनं त्यांची पांढरी टोपी सोबत घेतली. उंटाची सवारी, दीपगृह, शिंपल्यांची दुकानं, मी भराभर सगळं दाखवत होतो. तिचं लक्षच नव्हतं. शेवटी तिनं टोपी पाण्यात सोडली. आमच्या कन्हान नदीत सोडलेलं परत येत नाही. इथं लाटेनं टोपी तिच्या पायाशी आणून ठेवली. असं तीनदा झालं. मी चिडून ती पिशवीत कोंबली.

आता मे महिना आहे. घरी सौंसरला धोतरसुद्धा पाच मिनिटांत वाळतं. खुंटीवरच्या टोपीला मात्र हात लावला, की ओलीच लागते.

“ही काऊन वाळून नाही राहिली?” मी वैतागून आईला विचारलं.

“अरे, ते अजून तिकडंच फिरून राहिले.”