पहिल्या तोड्याची वांगी घेऊन आई स्वतः गेली

मंडळी, आमच्या मळ्यातली पहिल्या तोड्याची वांगी दरवर्षी आसेगावजवळच्या जुन्या हेमाडपंती देवळातल्या महादेवाला जातात. तिथवर थेट गाडी नाही, म्हणून आई ती कुणाच्या तरी हाती पाठवायची. आज मी तिला म्हटलं, चल, आपणच जाऊ.

मंगरुळपीरहून एसटीनं आसेगाव गाठलं. पुढे काहीच मिळेना. शेवटी भाजी विकून परतणारा एक टेम्पो थांबला.

"काकू, वांगे विकाचे हायेत का?"

"देवाचे हायेत, बापा. तुले भरीत खायाचं असन त उद्या मळ्यात ये."

हसत हसत टेम्पोवाल्यानं आम्हाला पुढे बसवलं.

पिंडीजवळ वांगी ठेवून आई म्हणाली, "इतक्या जवळ होता हा? मले वाटे, लय दूर हाये."

मला पदवीपर्यंत पोचवणारी आई आज पहिल्यांदा इथे पोचली. तुमच्या आईचं असं जवळचंच कोणतं ठिकाण राहून गेलंय?