गळक्या नळाने अडवलेलं सॉफ्टवेअर

आमच्या ऑफिसात एकजण आहेत, त्यांना सगळे कायदेपंडित म्हणतात. कामाने प्रोग्रॅमर, पण नियमाला असे चिकटून बसतात की सांगता सोय नाही. आमचे साहेब इतरांनी सॉफ्टवेअरबद्दल यादीत टाकलेल्या तक्रारी परस्पर 'मिटली' करून टाकायचे. पंडितांनी त्याचा पक्का बंदोबस्त केला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार होताना मशीन आपणहून तक्रारींची यादी धुंडाळतं. एक जरी 'गंभीर' तक्रार उघडी सापडली, तर काम जागच्या जागी थांबतं. आणि तक्रार मिटवायची ती ज्याने केली त्यानेच.

घरीही तोच खाक्या. वहिनींनी काही सांगितलं की म्हणायचे, "तोंडी नको, यादीत टाक." त्यासाठी ऑफिसच्या यादीतच त्यांना एक घरगुती कप्पा काढून दिला होता.

परवा ग्राहक केबिनमध्ये येऊन बसला. नवी आवृत्ती आज मिळाली नाही तर काम दुसऱ्याला देतो, म्हणाला. पंडितांनी बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'गंभीर तक्रार उघडी. स्वयंपाकघरातला नळ गळतोय.'

कित्येक दिवस 'किरकोळ' म्हणून पडलेली ही तक्रार वहिनींनी त्याच सकाळी 'गंभीर' केली होती.

"अहो, पुसून टाका ती!" साहेब ओरडले.

"नाही साहेब. जिची तक्रार, तिनेच मिटवायची."

मला हसू आवरेना. पण काम गेलं तर नोकरी माझीही जाणार होती. शेवटी साहेबांनीच फोन लावला. "वहिनी, तेवढी तक्रार मिटवता का?"

"नळ गळायचा थांबला का?" वहिनींनी विचारलं.

साहेबांनी प्लंबरला आणि पंडितांना गाडीत घातलं. ग्राहकाला गप्पांत गुंतवायचं माझ्या गळ्यात पडलं. माझे विषय संपत आले, तेवढ्यात अक्षरं हिरवी झाली. काम वाचलं.

तक्रारीखाली वहिनींनी लिहिलं होतं: 'नळ दुरुस्त. मशीनला तक्रार लगेच सापडली. ह्यांच्या तर रोज कानावर घालत होते.'

पंडित परत आले ते मान खाली घालून. साहेबांनी फर्मान सोडलं, "यापुढे मशीनने घरगुती कप्पा धुंडाळायचा नाही."

"तोंडी नको, यादीत टाका," पंडित म्हणाले.

साहेबांनी टाकलं. ते अजून तसंच पडून आहे. वहिनींचं मात्र आता काही यादीपर्यंत पोचतच नाही. पंडित तोंडी ऐकतात.