काशीनाथदादांनी घडवून आणलेली पिन

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक न्हाय. बायकोला न्हाय, भावाला न्हाय. तुम्हाला सांगतोय, पण मधीच "जाऊ द्या हो, जुनं झालं" असं म्हणू नका. त्या शब्दांनी माझं डोकं फिरतं.

दुष्काळाचं साल होतं. पावसाळा कोरडा गेला आणि हस्तात एकच पाऊस बरा झाला. येरमाळ्याजवळचं आमचं गाव. सोसायटीचा एकच ट्रॅक्टर आणि त्याचा ड्रायव्हर मी — काय माज होता मला! लोकांनी बैलं विकून टाकलेली, त्यामुळं सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघायचं. वापसा आला, म्हणजे चिखल सुकून रान कसण्याजोगं झालं, की मोगड्याच्या दात्यांनी माती मोकळी करून लगेच ज्वारी पेरायची. ओल उडाली की साल गेलं. म्हणून नंबर लावले होते. त्या दिवशीचा नंबर बौद्ध वस्तीतल्या काशीनाथदादांचा.

आदल्या संध्याकाळी चेअरमन म्हणाले, "त्यांचं मागनं बघ. आधी आमचं रान." एवढंच. धमकी न्हाय, शिवी न्हाय. आणि मी काय म्हणालो? "व्हय, अण्णा."

दादांना तोंडावर सांगायचं होतं ना — चेअरमननं तुमचा नंबर खाल्ला म्हणून! ते भांडले असते. सोसायटीच्या दारात वस्ती गोळा केली असती आणि नंबर घेऊनच उठले असते. तेच मला नको होतं. का? तर "तुला कुणी सांगितलं" म्हणून माझं नाव निघालं असतं.

मोगडा ट्रॅक्टरला तीन जागी जोडतात — खाली दोन बाजूंना, वर मधोमध एक दांडा. त्या वरच्या दांड्याला पिन नसली तर मोगडा नीट उभाच राहत न्हाय. खत आणायला मी मोगडा काढून ट्रॉली लावली होती. सकाळी दादा आणि वहिनी बियाणं घेऊन सोसायटीच्या आवारात आले. मी ट्रॉली सोडली, मोगड्याच्या खालच्या दोन्ही बाजू जोडल्या आणि म्हणालो, वरची पिन हरवली.

पिन माझ्या खिशात होती.

नवरा-बायको गुडघ्यावर बसून माती चाळत राहिले. आणि मी? मीबी शोधत होतो! वाकून, दगड उचलून. थू माझ्या जिनगानीवर.

शेवटी दादा उठले, काडीनं भोकाचं माप घेतलं आणि चालत येरमाळ्याला गेले. लोहाराकडून पिन घडवून आणली — दुपार टळली होती, सदरा घामानं भिजलेला. मी ती हातात घेतली, मुद्दाम तिरकी धरली, दोन ठोके मारले आणि म्हणालो, "बसत न्हाय दादा. जाड झाली." त्यांनी ऐकलं. ड्रायव्हर मी होतो ना! म्हणाले, "राहू दे तुझ्यापाशी. उद्या घासून बघ."

चेअरमनचं रान होईस्तोवर ओल उडाली, आणि दादांचं रान त्या साली पडीक राहिलं. वहिनींनी बियाण्याची ज्वारी दळून खाऊ घातली, आणि दोघं रोजगार हमीवर खडी फोडायला गेले. चेअरमनची ज्वारी कमरेला लागली. चेअरमनला शिव्या घालायला मला अजून आवडतं, पण पिन काय त्यांनी लपवली व्हय?

अजून एक राहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनच्या रानात मोगडा घातला. हरवलेली पिन आता कशी सापडली, असं कुणी विचारलं तर? म्हणून मी दादांचीच पिन लावली. घासावी लागली न्हाय. एका दमात आत गेली.

तेवढ्यात दादा बांधावर आले. मी ट्रॅक्टर थांबवला. ते मोगड्यापाशी वाकले, पिनेवर हात ठेवला; घणाचे घाव होते तिच्यावर, ओळखू येणारच.

"बसली व्हय?"

"व्हय," म्हणालो मी. आणि गिअर टाकला.