मुकादमआबांचा तांबडा रुमाल

दुसऱ्याने मारलेली गाठ सोडवण्यात मुकादमआबांना फार आनंद व्हायचा. जळगावच्या गिरणीत आम्ही बाया सूत गुंडाळायच्या खात्यात होतो. प्रत्येकीच्या साच्याला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे. चिंधी आहे तोवर साचा तिचा. एखादी आजारी पडली, नाहीतर माहेरी गेली, की आबा दातांनी गाठ सोडायचे आणि चिंधी खिडकीतून खालच्या कचऱ्यात टाकायचे. मग त्या साच्यावर त्यांची कोणीतरी सोयरी उभी राहायची. मेल्याचे सोयरे काही संपत नसत.

स्वतःला ते मोठे भाविक समजायचे. खंडेनवमीला साच्यांना हळदकुंकू लावून डोळे मिटून उभे राहायचे. लोखंडापुढे वाकणारा हा माणूस पोटुशी बाईला टेकायला साधं खोकं देत नसे. "बाई बसनी की कामले गंज चढस," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गळा तेवढा गोड होता, हे कबूल करते. भजन म्हणू लागले की ऐकत राहावंसं वाटे. देव तरी कुणाला काय देईल, नेम नाही.

काशी माझ्या शेजारच्या साच्यावर होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळं घर तिच्या एकटीच्या हातावर. बाळंतपणाच्या पगारी रजेवर निघाली तेव्हा तिने चिंधीला आणखी एक गाठ मारली. खरं तर भिण्याचं कारण नव्हतं. रजेवरच्या बाळंतिणीला कामावरून काढायचं नाही, असा कायदाच होता. ती परतली तर साच्यावर आबांची भाची.

"आबा, मना साचा?"

"तुले कोनी काढं? काम शे ना. कचराना खातामा जाय."

"सायेबनी रजा दिधी व्हती."

"हा, रजा सायेबनी दिधी. जागा मी देस."

वर हसले. कचऱ्याच्या खात्यात मजुरी कमी आणि दिवसभर नाकातोंडात कापूस. आम्ही बाया साहेबाकडे गेलो, तर साहेबाने खरंखोटं आबांनाच विचारलं. झालं! काशी खाली गेली ती खालीच राहिली, आणि तिचा खोकला वर आम्हांला ऐकू यायचा.

पुढे आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. तेही पगारी रजेवर निघाले. जाताना आपला तांबडा रुमाल त्यांनी स्वतःच्या स्टुलाला करकचून बांधला. आम्ही सगळ्या बघत होतो. कुणाला शिकवतोस रे बाबा, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

परतले तेव्हा स्टुलावर साहेबाच्या मर्जीतला नवा मुकादम बसला होता. साहेब म्हणाला, "काढलंय कुठे तुम्हांला? फाटकावर बसा." आबा आमच्या खात्यात येऊन रुमाल शोधू लागले. एकीनेही मान वर केली नाही. कीव यावी असा तो माणूसच नव्हता.

तेवढ्यात काशी खालून आली. नव्या मुकादमाने खिडकीतून टाकलेला रुमाल तिच्याच पुढ्यात पडला होता. तिने घडी घातलेला रुमाल आबांच्या हातात ठेवला.

"ल्या आबा. धुई ठेयेल शे."

आबांनी तो डोळ्यांना लावला. मोतीबिंदूचं पाणी असेल, म्हणून मी साच्याकडे वळले.