भिंत कोण धरणार?

गुंडू सुताराने बहरीनमध्ये नऊ नाटकं केली आणि त्यातलं एकही पाहिलं नाही. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाला चहाचं बघणाऱ्याला तरी कुठे नाटक बघायला मिळतं? बरोबर आहे. पण गुंडूची तऱ्हाच वेगळी. पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत तो स्टेजवरच असायचा. फक्त भिंतीच्या पलीकडे, लोकांकडे पाठ करून.

मूळचा तो आजऱ्याकडचा, घरात पिढीजात सुतारकी. बहरीनला आला तो शटरिंगच्या कामावर. म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी प्लायचा साचा बांधायचा, आणि काँक्रीट घट्ट झालं की तोच साचा उखडून पुढच्या जागी न्यायचा. रिफ्यातले बंगले झाले, मनाम्यातल्या बँका झाल्या. भिंती तिथेच राहायच्या, गुंडूचं लाकूड तेवढं परत यायचं. संध्याकाळी कॅम्पवर परतला की त्याला बुटाची नाडी सोडायचासुद्धा कंटाळा यायचा. बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि कुणीतरी हलवून जेवायला उठवायचं.

असल्या माणसाला नाटकाचं खूळ लागायचं काही कारण होतं का? पण लागलं. लावलं शैलेंद्रसाहेबांनी. हे बँकेत मोठे अधिकारी, आणि मंडळाचं नाटक दर वर्षी तेच बसवायचे. सत्याहत्तर साली एका शुक्रवारी ते आपली गाडी घेऊन कॅम्पवर आले आणि म्हणाले, "गुंडूभाऊ, आम्हाला एक घर हवंय. तीन तासांपुरतं."

गुंडूला वाटलं, साहेब थट्टा करतायत. पण घर खरंच हवं होतं. साइटवरचा फोरमन हमीद भला माणूस. त्याने प्लाय नेऊ दिला, अट एकच घातली. "सॅटरडे मॉर्निंग सगळा परत. समझा? यल्ला." मग गुंडूने त्या सिमेंट लागलेल्या प्लायवर रंगात लाकडाचा भुसा कालवून फासला. लांबून बघावं तर शेणामातीने लिंपलेली भिंत. दोन खांब, एक कोनाडा, उंबरा, दार. झाला गावाकडच्या घराचा पुढचा सोपा तयार.

पण उभा करायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. ज्या क्लबचा हॉल घेतला होता तिथला केअरटेकर गनी हातोडी बघून धावतच आला. "कील मफी! स्टेज को एक भी कील नहीं, मफी, खलास!" स्टेज नवं होतं, आरशासारखं पॉलिश. झालं! आता खिळ्याशिवाय भिंत उभी कशी राहायची? पायाशी वाळूची पोती टाकली तरी दाराची भिंत हलणारच. आणि मराठी नाटकातला नायक रागावला की दार आपटल्याशिवाय घराबाहेर जातो का? नाव नको. शैलेंद्रसाहेब डोक्याला हात लावून बसले. गुंडू म्हणाला, "साहेब, मी धरतो की भिंत. हाय काय आन् न्हाई काय."

असा तो रंगाच्या एका रिकाम्या डब्यावर बसला, पाठ चौकटीच्या मधल्या दांड्याला लावून. पडदा उघडल्याचं त्याला आवाजावरून कळलं. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग जी टाळी पडली! प्लाय एवढा थरथरला की ती टाळी गुंडूच्या पाठीत शिरली. त्याला वाटलं, नायक आला वाटतं.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "कोण आलं रं?"

शेजारी अन्सार कोटाची गुंडी शिवत बसला होता. अन्सार महाडकडचा, बुसैतीनला त्याचं शिलाईचं दुकान. नाटकाचे सगळे कपडे त्याच्याकडे असायचे. तो हसायला लागला. "कुणी आलं नाही रे बाबा. स्टेज रिकामं आहे. घराला टाळी पडली ही. तुझ्या घराला."

झालं, तिथेच गुंडू कामातून गेला. ती टाळी त्याच्या पाठीत बसली ती बसलीच.

पुढे दर वर्षी हेच. नाटक बदलायचं, घर बदलायचं, डबा तोच. हात दुखले, पाठ दुखली, दिवसभर उन्हात राबून संध्याकाळी पुन्हा करवत हातात घ्यायची, तरी गुंडू नाही म्हणाला नाही. दर नाटकाला अन्सारशी त्याचं भांडण ठरलेलं. अन्सार येऊन भिंतीला कापड लावून बघायचा आणि कपाळाला आठ्या घालायचा. "तुझी भिंत माझं लुगडं खाते रे. बाई उभी राहिली की फक्त तोंड आणि हात दिसणार."

"मग लुगडं बदल."

"लुगडं बाईचं आहे. बाई गरीब आहे. जरीचं नेसवू तिला? तू भिंत बदल."

गुंडू चार शिव्या घालायचा आणि भिंत बदलायचा. नवं कोरं कापड अन्सार चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करायचा, तेव्हा गुंडू त्याला म्हणायचा, "माझ्याकडं दे, दोन दिवस घालून साइटवर जातो. फुकटात जुनं हुईल." आणि एवढं करून मंडळाच्या स्मरणिकेत काय छापून यायचं, तर नटांवर पानभर कौतुक आणि शेवटी एक ओळ, 'नेपथ्य व वेशभूषा यथायोग्य'. गुंडूने एकदा विचारलं, यथायोग्य म्हणजे काय? अन्सार म्हणाला, "म्हणजे भिंत पडली नाही आणि कुणाचं धोतर सुटलं नाही."

दर वर्षीचं घर गुंडूने पाहिलेलं नव्हतं असं नाही. ठोकाठोक करताना बघितलेलं होतंच. पण तेव्हा वर ट्यूबलाइट, खाली भुसा, दाराला शिडी टेकलेली. ते काय बघणं! अंधारात बसलेल्या माणसांसमोर पडदा सरकतो, उजेड पडतो, आणि बघणाऱ्याचे हात आपोआप टाळी देतात, त्या घडीला ते घर कसं दिसतं? एवढंच त्याला बघायचं होतं. एकदाच. पण ती घडी आली की गुंडू मागे. नऊ वर्षं त्याने त्या घरांची मागची बाजू बघितली. प्लायवरचे कंपनीचे उलटे शिक्के, वाळलेलं सिमेंट, आपल्याच हाताचे पेन्सिलचे आकडे.

शहाऐंशी साल उजाडलं. जनाबियाकडचं पुलाचं काम पुरं झालं, साइटी एकेक बंद व्हायला लागल्या, आणि डिसेंबरात गुंडूचा व्हिसा कॅन्सल झाला. त्याला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर फारसं नाही. एवढा दमला होता तो, की वाईट वाटायलासुद्धा अंगात जोर लागतो. नाटक गुरुवारी संध्याकाळी, विमान रविवारी. गावी रंभा, त्याची बायको, दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या नवऱ्याची वाट बघून बघून तीही थकलेली.

त्या वर्षीचं घर गुंडूने कुणाला न विचारता आपल्या घरासारखं केलं. खांबाला टेकून रंभा तांदूळ निवडायची, तो खांब. कोनाड्याच्या कडेला दिव्याच्या काजळीचा डाग. अन्सारने नेहमीप्रमाणे कटकट केली, हिरवं लुगडं या भिंतीवर मरतंय म्हणाला. गुंडू या वेळी खरंच चिडला. "माझ्या घराची भिंत अशीच हाय!" पण दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने खांबामागच्या भिंतीला चुन्याचा हात दिला.

आणि मग शैलेंद्रसाहेब म्हणाले, "गुंडूभाऊ, या वेळी तुम्ही पुढे बसायचं. दुसरी रांग. मी खुर्ची राखून ठेवलीय."

नऊ वर्षं जे हवं होतं ते ताटात वाढून आलं आणि गुंडू म्हणाला काय, तर, "खरं साहेब, भिंत कोण धरणार?"

"मी धरतो," अन्सार म्हणाला.

"तू? तुला दमा. सुई उचलताना धाप लागती तुला."

"माझी गॅरंटी. भिंत हलली तर माझं नाव बदल. गप बस जाऊन." आणि निरोपाचा म्हणून त्याने गुंडूच्या हातात एक नवा शर्ट ठेवला. चौकड्यांचा.

तर गुरुवारी गुंडू दुसऱ्या रांगेत बसला. नवा शर्ट, डोक्याला तेल, शेजारी एक डॉक्टरीणबाई. बसल्यापासून पाठीला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं. तिसरी घंटा झाली. अंधार झाला. गुंडूला वाटलं, अन्सार खाली बसला असेल का? दांडा मधला धरायचा हे त्याला सांगितलं, पण पाय कुठे टेकवायचे ते सांगायचं राहिलं. दाराची डावी बाजू जड आहे, तेही राहिलं.

पडदा उघडला. क्षणभर शांतता, आणि टाळी पडली. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. डॉक्टरीणबाई "अगंबाई, किती सुंदर!" म्हणाल्या.

आणि गुंडू? गुंडू दाराच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसला होता. हलतंय का? नाही. आता हलेल. टाळी कधी संपली ते त्याला कळलंसुद्धा नाही.

पहिला अंक तसाच गेला. नायक आला तो नेमका गुंडूच्या शर्टाच्या चौकड्यांचा सदरा घालून. अन्सारने उरलेल्या कापडात शर्ट बेतला होता, मेल्याने. डॉक्टरीणबाईंनी एकदा स्टेजकडे आणि एकदा गुंडूकडे पाहिलं. एरवी गुंडू हसला असता, पण त्याला हसायला फुरसत कुठे होती? नायकाचं भांडण वाढत चाललं होतं. शेवटी तो तरातरा निघाला आणि त्याने दार असं आपटलं की पुढच्या रांगेतलं पोर दचकलं. गुंडूने दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली.

भिंत हलली नाही. तसूभरही नाही.

मध्यंतराचा उजेड होताच गुंडू पळत मागे गेला. त्याला वाटत होतं, अन्सार धापा टाकत आडवा पडला असणार. अन्सार डब्यावर बसून निवांत समोसा खात होता. पाठ भिंतीला लागलेलीसुद्धा नव्हती. गुंडूने खाली वाकून बघितलं. चौकटीच्या पायाला लोखंडी कोन लावले होते आणि स्टेजमध्ये चांगले जाडजूड स्क्रू पिळले होते.

गुंडू म्हणाला, "आरं, हे काय केलंस? गनी मारंल की!"

"गनीनेच स्क्रू दिले," अन्सार म्हणाला. मग समोसा बाजूला ठेवला. "बस जरा. मला काही भिंत धरायची नव्हती, माझ्याच्याने होणारही नव्हतं. म्हणून मी काल जाऊन त्याला विचारलं, मागच्या बाजूला खिळा मारू का? तो म्हणाला, मारो ना."

"मारो ना?"

"सत्याहत्तर साली पॉलिश ओलं होतं, म्हणाला. तेवढ्या आठवड्यापुरतं नको सांगितलं होतं."

चहाची किटली घेऊन गनी तिथूनच चालला होता. दर वर्षी नाटक चालू असताना तोच गुंडूला मागे चहा आणून द्यायचा. गुंडूने त्याचा हात धरला. "गनीभाई, तुम मेरे को बोला क्यों नहीं?"

गनी गोंधळला. "तुमने पूछा किधर? मैं समझा, तुमको उधर बैठना पसंद है."

अन्सारने गुंडूच्या खांद्यावर हात ठेवला. "मी आधी सांगणार होतो. पण म्हटलं, कळलं तर तू रडत बसशील आणि आजची टाळी चुकेल तुझी. पाहिलीस ना टाळी?"

नऊ वर्षं! एका शब्दाने विचारायचं होतं, तेवढं गुंडूला सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही. साहेबांना नाही, मंडळाला नाही. गनीवर चिडावं तर त्याची काय चूक? स्वतःला दोन मुस्कटात द्याव्यात असं गुंडूला वाटलं. आणि आज, आज तरी! आज भिंत स्वतःच्या पायावर उभी होती, आणि हा मूर्ख चौकट बघत बसला. त्याला रडू आवरेना. आणि काय सांगावं त्याची गंमत, रडायलासुद्धा तो सवयीने भिंतीला पाठ लावूनच बसला.

घंटा झाली. अन्सार म्हणाला, "जा. जागेवर जा."

"आता काय ऱ्हायलंय बघायला? टाळी झाली."

"जा म्हणतो ना."

गुंडू पुन्हा खुर्चीवर येऊन टेकला. लोक अजून समोशाच्या पुड्या चुरगाळत होते, कुणी पोराला मांडीवर घेत होतं. दिवे गेले. पडदा सरकला.

तीच भिंत, तोच सोपा, पण आता संध्याकाळ झालेली. डावीकडून तांबूस उजेड येत होता आणि भुशाच्या लिंपणावर बोटं फिरल्याच्या रेघा दिसत होत्या. खांबाची सावली उंबऱ्यापर्यंत पडली होती. दार ढकलून हिरव्या लुगड्यातली बाई बाहेर आली, तिने कोनाड्यात दिवा ठेवला, बरोबर काजळीच्या डागाखाली, आणि ती खांबाला टेकून बसली. मागच्या पांढऱ्या चुन्यावर ते हिरवं असं काही खुललं, की अन्सारशी आपण उगाच भांडलो असं गुंडूला झालं. रंभा तिथेच बसायची. गुंडू आता चौकट बघत नव्हता. हे घर मी केलं, त्याच्या मनात आलं. आज रात्री हे सुटणार, रंग धुऊन शनिवारी प्लाय हमीदकडे जाणार, आणि रविवारी मी जाणार. असं दिसत होतं होय!

हॉलमध्ये चिडीचूप होतं. घर सगळ्यांनी मघाशीच बघितलेलं, आता कोण टाळी देतो?

गुंडूचे हात आपसूक वर आले आणि त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकट्यानेच, सुतारकीच्या जाड हातांनी, फाट फाट. पुढची डोकी मागे वळली. स्टेजवरची बाई वाक्य विसरल्यासारखी थांबली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "शूऽऽ, अहो, अजून काही झालंच नाहीये."

"व्हय बाई," गुंडू म्हणाला. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तो बघत राहिला.