साखरपुड्याला नडलेली शिंक

चहा घ्या, पण घोट जपून घ्या हं. हसताना ठसका लागला तर आमच्या सोसायटीत हल्ली काय होतं, ते मला विचारा! माझी जी शोभा झाली ती अख्ख्या गंगापूर रोडला ठाऊक आहे. म्हटलं, लोकांनी तिखट-मीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

तर झालं असं, नाशकात फ्लूची साथ सुरू झाली. पेशंट होते, खोटं नाही. पण पेशंटांपेक्षा मोबाईलवरचे व्हिडिओ जास्त. आमचे सेक्रेटरी बोरसे दोन-दोन मास्क लावायचे आणि बोलायची वेळ आली की दोन्ही खाली ओढायचे. शेजारच्या बाई कोथिंबीर साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. कढीला फेस आला, तो कशाचा हे त्यांच्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही.

इथवर ठीक होतं. पण बोरशांनी नोटीस लावली, बाहेरच्या पाहुण्यांसाठी सोसायटीचा हॉल बंद!

आणि रविवारी त्याच हॉलमध्ये माझ्या पुतणीचा, केतकीचा साखरपुडा. मुलाकडची मंडळी येवल्याहून यायची होती. केतकीची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ शैला. ती तळमजल्यावर, हॉलला अगदी खेटून राहते. नोटीस वाचून बिचारी रडायलाच लागली.

"ताई, आता ऐनवेळी दुसरा हॉल कुठून आणू? मुलाची आई शकुन-अपशकुन फार मानते हो. एकदा तारीख हलली की लग्नच हलायचं."

"रडतेस काय अशी? मी मेले का?" मी म्हटलं. (हे वाक्य बोलायला नको होतं. का, ते कळेलच.)

शाळेत विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेलाय. दहावीच्या पोरांना गप्प बसवणारी मी, बोरसे म्हणजे काय चीज? मीटिंग बोलवायला लावली. हॉल गच्च भरला. घाबरलेली माणसं घाबरायला एकत्र जमतात, तुम्ही बघितलंय ना?

मी उभी राहिले आणि सुरू झाले. "हे बघा, फ्लू आहे. नाही असं मी म्हणत नाही. ताप आला तर घरी बसा, डॉक्टरला दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना जपा. पण म्हणून कोणी शिंकलं की लगेच गाव सोडायचं? शिंक म्हणजे काय मरण आहे?"

"पण बाई, रोग दिसतो का डोळ्यांना?" बोरसे म्हणाले. म्हणजे आधी मास्क खाली ओढले, मग म्हणाले.

"रोग दिसत नाही, पण तुमची भीती दिसते ना! रोगापेक्षा ती जास्त पसरलीय."

टाळ्या पडल्या! खरंच पडल्या. बोरसे नरमले. "बरं, घ्या हॉल रविवारी," असं ते म्हणताहेत, तेवढ्यात मागच्या रांगेत कोणीतरी शिंकलं.

"हे बघा, एक शिंक!" मी हसून म्हटलं. "झालं काही?"

मग दुसरी शिंक. मग तिसरी. मग खोकल्याची माळच लागली. डावीकडची रांग खोकतेय, उजवीकडची डोळे पुसतेय. मी म्हटलं, घाबरू नका, शांत बसा. आणि माझ्याच घशात असं काही खवखवलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात!

आता शहाण्या बाईने काय करावं? दार उघडून बाहेर यावं. मी काय केलं? मी ओरडले, "दारं लावा! खिडक्या लावा! कोणी बाहेर जायचं नाही, साथ बाहेर पसरेल! अहो, डॉक्टरला बोलवा, हा तोच आहे!"

सगळं विज्ञान गेलं चुलीत. दारं बंद केल्यावर तर जीव जायची वेळ आली. मी तिथेच सतरंजीवर आडवी झाले. आमचे हे धावत आले तर मी त्यांचा हात धरून म्हणतेय, "अहो, केतकीला सुखी ठेवा."

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी दार ढकललं. शैला! हातात झारा, कपाळावर घाम. "ताई, आवरली का मीटिंग? मिरच्या भाजून झाल्या माझ्या. आता खोबरं घेऊ का?"

रविवारच्या रश्श्याचा काळा मसाला हो! हॉलला लागून असलेल्या स्वयंपाकघरात ही बाई मिरच्या भाजत होती. आणि "मीटिंग चालू असतानाच उरक, सगळे हॉलमध्ये असतील, कोणाला त्रास नको" हा शहाणपणाचा सल्ला तिला कोणी दिला होता? अस्मादिकांनीच!

लोक हसले, डोळे पुसत घरी गेले. मला वाटलं, संपलं. कसलं काय! माझ्या भाषणापासून मी सतरंजीवर पडलेय तिथपर्यंतचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला होता. गाडी सुटली की सुटलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शैलाकडे गेले होते. ती आंघोळीला गेलेली, तिचा फोन वाजला, मी उचलला. येवल्याहून मुलाची आई.

"शैलाताई, लय वाईट झालं हो. माती कधी हाय?"

"माती? कोणाची?"

"तुमच्या मोठ्या जाऊबाईंची! फ्लूनं गेल्या ना? म्हणजे आता तुम्हाला सुतक. साखरपुडा पुढं ढकलावा लागंल."

माझ्या मरणापेक्षा मला त्या सुतकाचाच धसका बसला. "अहो, मीच ती! जिवंत आहे! सुतक-बितक काही नाही!"

पलीकडे फोन खाली आदळला. मग लांबून आवाज आला, "अहो, ऐकलं का? त्या सोता बोलू राहिल्यात!"

मी मिरचीची सगळी कथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पटली कितपत देव जाणे.

"मंग सुतक नाय ना? मंग आम्ही रविवारी येतो. फक्त ताई, राग नका मानू. आमची सासू म्हातारी हाय, पोरीचं तान्हं बाळ हाय. तुम्हीच म्हणल्या होत्या ना, म्हाताऱ्यांना अन् बाळांना जपा? व्हिडिओत ऐकलं आम्ही. तर तुम्ही तेवढं घरातूनच आशीर्वाद द्या."

म्हटलं, बरं. वाक्य माझंच होतं! आणि खरं सांगू, त्यात चूक काय होतं? पण वाईट वाटायचं ते वाटलंच. ज्या हॉलसाठी भांडले, त्याच हॉलमध्ये मला बंदी.

रविवारी साखरपुडा झकास झाला. मी तिसऱ्या मजल्यावर, पैठणी नेसून, सोफ्यावर एकटी, व्हिडिओ कॉलवर. केतकीने हौसेने माझा मोबाईल पहिल्या रांगेसमोर खुर्चीवर ठेवला आणि त्याला गजरा गुंडाळला. येवल्याची दोन माणसं आली, बघितलं आणि हात जोडून गेली.

अंगठ्या झाल्या. जोडी माझ्या पाया पडायला, म्हणजे खुर्चीच्या पाया पडायला वाकली. माझा ऊर भरून आला. "सुखी राहा" म्हणायला तोंड उघडलं आणि काय सांगू, अशी दणकून शिंक आली!

अख्खी पहिली रांग खुर्च्यांसकट मागे सरकली. आणि आमच्या होणाऱ्या जावयाने खिशातून रुमाल काढून आधी मोबाईल पुसला, मग स्वतःचं तोंड.